परिवलन, काळ आणि अंतर : प्रस्तावना

इ. स. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद मंगळाचे वेध घेण्याच्या कामगिरीवर विषुववृत्तानजीकच्या कायेन येथे जाऊन राहिला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडते असे त्यास आढळून आले, आणि ताऱ्यांच्या गतीशी ते पुन्हा जुळविण्यासाठी त्यास लंबकाची लांबी किंचित कमी करावी लागली. या क्षुल्लक भासणाऱ्या नोंदीतून पुढे मोठे रामायण घडले. न्यूटनने १६८७ मध्ये आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, फिरती पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली व ध्रुवांशी चपटलेली असली पाहिजे, आणि विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण मंद असल्यामुळेच लंबक तेथे सावकाश झुलतो. पॅरिसच्या कासिनी घराण्याने भूमापनाच्या आधारे याच्या नेमके उलट मत मांडले. आणि अखेर हा वाद निकालात काढण्यासाठी फ्रेंच विद्वत्सभेस १७३५ साली पेरूकडे व १७३६ साली लॅपलंडकडे अशा दोन स्वाऱ्या रवाना कराव्या लागल्या, ज्यांच्या मोजणीने न्यूटनच्या बाजूने कौल दिला. घड्याळाची चाल, पृथ्वीचे परिवलन आणि पृथ्वीचा आकार हे तीन विषय एकमेकांत किती गुंतलेले आहेत, याची विज्ञानाच्या दप्तरातील पहिली नोंद ती हीच.

रिशेच्या प्रकरणात मंदावला होता तो लंबक. खुद्द काळाविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. ती शंका उपस्थित होण्यास १९०५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बर्न येथील पेटंट कचेरीत नोकरीस असलेल्या आइनस्टाइनने गतिमान वस्तूंच्या विद्युत्‌गतिकीवर जो निबंध लिहिला, त्यात गतिमान घड्याळ मंद चालते हा सिद्धांत मांडल्यावर त्याने ओघात असे एक अनुमान नोंदविले की, विषुववृत्तावर ठेवलेले तोलचक्राचे घड्याळ ध्रुवावरील तंतोतंत तशाच घड्याळापेक्षा अत्यल्प प्रमाणात सावकाश चालले पाहिजे. लंबकाचे घड्याळ यात धरावयाचे नाही, कारण त्याच्या यंत्रणेत पृथ्वी स्वतःच सामील असते, असा खुलासा पुढील पुनर्मुद्रणातील तळटीपेत करण्यात आला. विषुववृत्तावरील भूमी सेकंदास सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. प्रकाशाच्या सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर वेगाशी तिची तुलना करून हिशेब मांडला, तर दर लक्ष कोटी सेकंदांमागे १.२ सेकंद, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १०० अब्जांश सेकंद एवढी तूट निघते. या गतीने एक पुरा सेकंद मागे पडण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतील.

हिशेब बिनचूक आहे, आणि तरीही खऱ्याखुऱ्या पृथ्वीस लावल्यास ते अनुमान चुकीचे ठरते. समुद्रसपाटीवर विषुववृत्ताशी ठेवलेले व ध्रुवाशी ठेवलेले अशी दोन्ही अणुघड्याळे एकाच गतीने चालतात. हे कसे घडते, आणि असे असूनही पृथ्वीभोवती नेलेले घड्याळ परत आल्यावर आपल्या स्थानबद्ध जोडीदाराशी का जुळत नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांभोवती प्रस्तुत ग्रंथाची रचना झालेली आहे. विषयाशी प्रथमच परिचय करून घेणाऱ्या वाचकाच्या सोयीसाठी या क्षेत्राचा एकंदर नकाशा आधी समोर मांडणे, एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन होय.

विशिष्ट सापेक्षतेचे मुख्य निष्कर्ष तीन आहेत. गतिमान घड्याळ सावकाश चालते. गतिमान दांडा गतीच्या दिशेने आखूड होतो. आणि एका निरीक्षकास एकाच क्षणी घडल्यासारख्या वाटणाऱ्या दोन दूरस्थ घटना दुसऱ्या गतिमान निरीक्षकास वेगवेगळ्या क्षणी घडल्याचे आढळते. यांपैकी पहिल्या दोहोंचा बोलबाला फार झाला; तिसरा, म्हणजे समक्षणतेच्या सापेक्षतेचा, लोकांच्या नजरेआड राहिला, वस्तुतः तोच बाकीच्या दोहोंचा आधार असून परिवलनाच्या प्रकरणात तर सर्वाधिक मानकरी तोच आहे. हे तीनही निष्कर्ष मूळतः सरळ रेषेतील एकसारख्या गतीसाठी सिद्ध झालेले आहेत, आणि तशा गतीचे लक्षण असे की, बंद खोलीतील मनुष्यास ती कोणत्याही प्रयोगाने ओळखता येत नाही. परिवलनाची गोष्ट वेगळी. न्यूटनच्या फिरत्या बादलीतील पाणी कडेशी चढते, आणि १८५१ मध्ये पॅरिस येथे फूकोने टांगलेल्या लंबकाचे आंदोलनप्रतल हळूहळू वळत जाते; आकाशाकडे न पाहताही पृथ्वी फिरते हे तिच्यावरील रहिवाशास कळू शकते. तेव्हा सरळ गतीसाठी केलेला कायदा फिरत्या मुलखास कोणत्या शर्तींवर लागू करावा, हा प्रश्न उद्भवणे अपरिहार्य होते.

त्या प्रश्नाची पहिली चकमक लांबीच्या बाबतीत झडली. सापेक्षतेत दृढ पदार्थ कशास म्हणावे याची व्याख्या मॅक्स बॉर्न याने १९०९ मध्ये केली, आणि त्याच वर्षी पॉल एरेनफेस्ट याने तिच्यावर बोट ठेवले. एक चकती आपल्या आसाभोवती फिरू लागली, तर तिचा परीघ गतीच्या दिशेत असल्यामुळे आकुंचन पावला पाहिजे, परंतु त्रिज्या गतीशी काटकोनात असल्यामुळे तिच्यात फरक पडता कामा नये. मग परीघ व त्रिज्या यांचे शाळेत शिकविले जाणारे प्रमाण राहिले कोठे? लोहार लाकडी चाकावर तापविलेली लोखंडी धाव चढवितो आणि ती निवताना आकसून आऱ्यांस आवळू लागते, तशी या चकतीच्या कडेची गत होते, मात्र येथे धाव चाकाचाच भाग असल्याने तिला आकसून कोठे जाण्यास जागा नाही. निष्कर्ष असा की, पूर्णतः दृढ असा पदार्थ स्थिरावस्थेतून परिवलनात आणताच येत नाही. त्यात ताण उत्पन्न झालाच पाहिजे. पुढच्याच वर्षी थिओडोर कालुझा याने अशा चकतीवरील भूमिती अपास्तीय जातीची असल्याचे दाखविले, आणि आइनस्टाइनने या चकतीवरून एक मोठा बोध घेतला : चकतीबरोबर फिरणाऱ्या मोजणीदाराने आखूड झालेले दांडे कडेने मांडले तर ते अधिक संख्येने मावतील, म्हणजे त्याच्या लेखी परीघ व व्यास यांचे गुणोत्तर पायपेक्षा मोठे भरेल. युक्लिडची भूमिती फिरत्या चौकटीत टिकत नाही. आणि प्रवेग व गुरुत्वाकर्षण यांचे नाते सख्ख्या भावंडांचे असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या प्रदेशातही ती टिकणार नाही. १९१५ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या व्यापक सापेक्षतेच्या वाटेवरील हा एक महत्त्वाचा टप्पा होता.

पृथ्वीच्या बाबतीत हे आकुंचन केवढे? विषुववृत्ताचा परीघ ४०,०७५ किलोमीटर. त्यात परिवलनामुळे येणारा फरक सुमारे ०.०५ मिलिमीटर. सूर्याच्या दृष्टीने पाहिल्यास पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते, व त्यामुळे गतीच्या दिशेतील तिचा व्यास सुमारे ६.३ सेंटिमीटर कमी भरतो. याखेरीज पृथ्वीच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे अवकाश वक्र होते, व परिघावरून काढलेल्या त्रिज्येपेक्षा तिची प्रत्यक्ष त्रिज्या सुमारे दीड मिलिमीटरने अधिक निघते. उलटपक्षी, परिवलनाच्या साध्या न्यूटनप्रणीत परिणामामुळे विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने मोठी झालेली आहे. या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते की, पृथ्वीवर लांबीचे आकुंचन हा तत्त्वाचा विषय आहे, व्यवहाराचा नव्हे. व्यवहारात महत्त्व आहे ते काळास. कारण लांबीतील फरक आहे तेवढाच राहतो, पण घड्याळातील फरक दररोज जमा होत जातो, आणि थेंबे थेंबे साचणारी ही तफावत मोजण्याजोगी होण्यास फार अवधी लागत नाही.

दुसरी चकमक प्रकाशाच्या बाबतीत झाली. १९१३ मध्ये झॉर्झ सान्याक या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने फिरत्या मेजावर आरशांच्या साहाय्याने प्रकाशाचे दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनी फिरवून एकत्र आणले, आणि मेजाच्या परिवलनामुळे त्यांच्या व्यतिकरण-पट्ट्या सरकतात असे दाखवून दिले; फिरण्याच्या दिशेने गेलेल्या किरणास परतण्यास किंचित अधिक वेळ लागतो, विरुद्ध दिशेच्या किरणास कमी. सान्याकने यास, प्रकाशाचे वाहक माध्यम मानल्या गेलेल्या ईथरच्या अस्तित्वाचा पुरावा मानले. तथापि माक्स फॉन लाउए याने १९११ मध्येच दाखवून ठेवले होते की, सापेक्षतेप्रमाणेही हाच परिणाम अपेक्षित आहे, आणि पुढे १९२१ मध्ये पॉल लांजव्हँ याने त्याची रीतसर उपपत्ती लावली. १९२५ मध्ये मायकेल्सन, गेल व पिअर्सन यांनी इलिनॉय प्रांतातील क्लिअरिंग येथे ६१२ मीटर लांब व ३३९ मीटर रुंद असा नळांचा निर्वात आयत जमिनीवर मांडून पृथ्वीचेच परिवलन प्रकाशाने मोजले. गणिताने पट्टीचे सरकणे तिच्या रुंदीच्या ०.२३६ असावयास हवे होते, प्रत्यक्षात ते ०.२३० भरले. दुर्दैव असे की, ईथरवादी आणि सापेक्षतावादी या दोन्ही पक्षांचे भाकीत एकच असल्यामुळे एवढ्या खर्चिक प्रयोगाने त्यांच्यातील तंटा मिटला नाही.

या सान्याक-परिणामाचे खरे मर्म प्रकाशात नसून समक्षणतेत आहे. विषुववृत्तावर एकमेकांशेजारी घड्याळांची रांग मांडून प्रत्येक घड्याळ आपल्या पश्चिमेकडील शेजाऱ्याशी प्रकाशसंकेताने, जणू जमीन स्थिर आहे असे समजून, जुळवीत गेलो, तर पृथ्वीची प्रदक्षिणा पूर्ण होताच शेवटचे घड्याळ पहिल्याशी जुळत नाही. २०७ अब्जांश सेकंदांची फट उरते. संकेताऐवजी घड्याळच समुद्रसपाटीने पूर्वेकडे वाहून नेले, तर ते परतल्यावर तेवढेच मागे राहते आणि पश्चिमेकडे नेल्यास तेवढेच पुढे जाते. प्रवास कितीही संथ केला तरी ही बाकी फिटत नाही. १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतील उरलेले खलाशी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेव्हा त्यांच्या रोजनाम्यात एक दिवस कमी भरला होता, व त्या कारणे आज आपण नकाशावर वाररेषा आखतो. तो दिवस केवळ मोजणीच्या पद्धतीतून गहाळ झाला होता, हे २०७ अब्जांश सेकंद मात्र घड्याळाने खरोखर मोजलेल्या काळातून वजा झालेले असतात. परंतु रेषा कोठेतरी आखल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

आता मूळ कोड्याकडे वळू. १९०७ मध्ये आइनस्टाइनला असे उमगले की, गुरुत्वाकर्षणाच्या खोलगट भागात, म्हणजे कमी विभवाच्या ठिकाणी, घड्याळ सावकाश चालले पाहिजे. पृथ्वीवर दर मीटर उंचीमागे हा फरक दर कोटी कोटी सेकंदांमागे सुमारे ०.०१ सेकंद इतका सूक्ष्म आहे. १९६० मध्ये पाउंड व रेबका यांनी हार्वर्ड येथील सुमारे २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात तो गॅमा किरणांच्या साहाय्याने मोजला. विषुववृत्तावरील घड्याळ पृथ्वीच्या केंद्रापासून २१ किलोमीटर अधिक दूर आहे. त्या दूरतेमुळे, विषुववृत्ताशी झालेल्या फुगवट्याचे आकर्षण हिशेबात धरूनही, ते जितके जलद चालावयास हवे, तितकेच वेगामुळे ते मंद चालते. जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात. हा योगायोग मुळीच नव्हे. पृथ्वी दीर्घकाळात द्रवाप्रमाणे वागत आल्यामुळे तिचा पृष्ठभाग गुरुत्वाकर्षण व अपकेंद्री प्रवृत्ती यांच्या संयुक्त विभवाच्या समपातळीस येऊन बसलेला आहे, आणि घड्याळाची चालही, पृथ्वीबरोबर फिरणाऱ्यांसाठी, त्याच संयुक्त विभवाने ठरते. ज्या बलाने समुद्राची पातळी ठरविली, त्यानेच त्या पातळीवरील काळाचा दर ठरविला. भूमापनशास्त्रज्ञ ज्या पृष्ठास जिऑइड म्हणतात, ते म्हणूनच समान काळगतीचे पृष्ठही आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ते आदर्श विवृत्तजापेक्षा सुमारे १०० मीटर खोल गेले आहे, तरी तेथील घड्याळाची चाल मुंबई बंदरातील घड्याळाच्या चालीइतकीच. रिशेचे लंबक व आइनस्टाइनचे तोलचक्र यांची गाठ येथे पडते : पहिल्याने पृथ्वीचा जो आकार सुचविला, तोच दुसऱ्याच्या अनुमानास बाधा आणतो.

या विषयात विचार करणाऱ्यांचे ढोबळमानाने चार संप्रदाय दिसतात. पहिला ईथरवाद्यांचा, सान्याक त्यांत अग्रणी, आणि आज त्याचे केवळ ऐतिहासिक महत्त्व उरले आहे. दुसरा संप्रदाय स्थिर, न फिरणाऱ्या चौकटीत उभे राहून विशिष्ट सापेक्षतेच्याच नियमांनी सर्व हिशेब करणाऱ्यांचा. लाउए यांचा, आणि पुढे व्यवहारी कालमापकांचा, कल याच बाजूस. तिसरा भूमितीवाद्यांचा, जो फिरत्या चौकटीतच ठाण मांडून तिथल्या अवकाश-काळाची वक्र किंवा तिरकी मोजपट्टी शोधतो. लांजव्हँपासून आजच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत त्याची परंपरा अखंड आहे. चौथा संप्रदाय तत्त्वचिंतकांचा. न्यूटनच्या बादलीतील पाणी कशाच्या सापेक्ष फिरते, निरपेक्ष अवकाशाच्या की दूरच्या ताऱ्यांच्या, असा प्रश्न १८८३ मध्ये अर्न्स्ट माख याने विचारला होता. त्याचे अंशतः उत्तर १९१८ मध्ये लेन्झे व थिरिंग यांनी दिले की, फिरते वस्तुमान आपल्या भोवतालच्या चौकटीस किंचित ओढीत नेते. २००४ मध्ये सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहातील भोवऱ्यांनी पृथ्वीची ही ओढ वर्षाकाठी अंशाच्या सुमारे नव्वद हजाराव्या भागाएवढी भरत असल्याच्या भाकितास प्रयोगाच्या त्रुटीच्या मर्यादेत दुजोरा दिला. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल याने तर समग्र विश्वच फिरते कल्पून असे दाखविले की, तशा विश्वात सर्वांसाठी एक सामाईक काळ ठरविणेच अशक्य होते. पृथ्वीवर जी फट २०७ अब्जांश सेकंदांची, ती तेथे सर्वव्यापी झालेली आहे.

या वादांचा निवाडा ज्यांनी केला ती अणुघड्याळे. १९५५ मध्ये एसेन व पॅरी यांनी इंग्लंडातील टेडिंग्टन येथे पहिले व्यवहारोपयोगी सीझियम घड्याळ चालू केले, आणि १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या पृथ्वीच्या गतीवरून काढून सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर सोपविण्यात आली. फिरती पृथ्वी ही जी युगानुयुगे काळाची मापक होती, ती त्या दिवसापासून मापनाचा विषय झाली. १९७१ च्या ऑक्टोबरात हाफेले व कीटिंग यांनी चार सीझियम घड्याळे नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती एकदा पूर्वेकडे व एकदा पश्चिमेकडे फिरविली. पूर्वेस गेलेली घड्याळे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली, पश्चिमेस गेलेली २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. दोन्ही आकडे भाकिताच्या मर्यादेत बसले. विमानाचा वेग दोन्ही खेपांस सारख्याच तोलाचा असता उत्तरे विरुद्ध यावीत, याचे कारण इतकेच की, वेग मोजावयाचा तो धावपट्टीपासून नव्हे तर न फिरणाऱ्या चौकटीपासून, आणि तसा तो मोजता पश्चिमेस जाणारे विमान जमिनीवरील घड्याळापेक्षा सावकाश चाललेले असते.

यानंतर तत्त्वचर्चेचे रूपांतर सरकारी कारभारात झाले. जी. पी. एस. उपग्रहांतील घड्याळे वेगामुळे दिवसाला सुमारे ७ दशलक्षांश सेकंद मागे पडतात व उंचीमुळे सुमारे ४५ दशलक्षांश सेकंद पुढे जातात; बाकी ३८ दशलक्षांश सेकंद उरते, आणि तेवढ्या अवधीत प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. १९७७ मध्ये पहिले सीझियम घड्याळ कक्षेत गेले, तेव्हा ही दुरुस्ती खरोखर हवी की नको याविषयी शंका असल्यामुळे ती चालू-बंद करता येईल अशी तजवीज ठेवली होती. सुमारे वीस दिवसांच्या निरीक्षणानंतर ती चालू करावीच लागली. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय अणुकाळाची व्याख्या फिरत्या जिऑइडवरील सेकंदास बांधण्यात आली. त्यामुळे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्याच उंचीवर वसलेल्या अमेरिकेतील बोल्डरच्या प्रयोगशाळेस आपल्या घड्याळांतून वर्षाकाठी पाच ते सहा दशलक्षांश सेकंदांची वजावट करावी लागते. भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक प्रणालीतील भूस्थिर उपग्रहांचे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे : जमिनीवरून पाहता ते आकाशात जागच्या जागी उभे दिसतात, त्यांचा आपल्या सापेक्ष वेग शून्य, आणि तरीही त्यांच्या उंचीवरचे घड्याळ दिवसाला सुमारे ४६ ते ४७ दशलक्षांश सेकंद पुढे जाते. न फिरणाऱ्या चौकटीतून हा हिशेब वेग व उंची अशा दोन रकमांत मांडता येतो, फिरत्या चौकटीतून संयुक्त विभवाच्या एकाच रकमेत. वह्या दोन, ताळेबंद एकच. दुसऱ्या व तिसऱ्या संप्रदायांतील भांडण किती नाममात्र होते, हे याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण विरळा.

आपल्या देशाचा या विद्येशी संबंध जुना आहे. आइनस्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचे मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्येच प्रसिद्ध केले. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर यांनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात सापेक्षतेच्या अध्ययनाची परंपरा उभी केली. आणि १९५५ मध्ये अमलकुमार रायचौधुरी यांनी जे समीकरण दिले, त्यात वस्तुमानाचे परिवलन हे त्याच्या संकोचास विरोध करणारे पद म्हणून अवतरते. जयंत नारळीकरांनी हा विषय मराठी वाचकांच्या उंबरठ्यापर्यंत आणून पोहोचविला हे सर्वश्रुतच आहे. नारायणगावानजीक खोडद येथील ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण ज्या स्पंदताऱ्यांचे वेध घेते, त्यांच्या जातीतील सर्वांत वेगवान ज्ञात तारा सेकंदाला ७१६ वेळा फिरतो. पृथ्वीवर जे परिणाम अब्जांशांत मोजावे लागतात, ते अशा ताऱ्याच्या पृष्ठावर शेकडा प्रमाणात येतात, आणि पृथ्वीसाठी घडविलेल्या पद्धतीची खरी कसोटी तेथे लागते.

तथापि या विषयाची आजची निकड दूरच्या ताऱ्यांपेक्षा जवळच्या जमिनीमुळे निर्माण झाली आहे. २०१० मध्ये बोल्डर येथे दोन प्रकाशीय घड्याळांतील फरक केवळ ३३ सेंटिमीटर उंचीच्या अंतरावर ओळखण्यात आला. २०२० मध्ये तोक्योच्या स्कायट्री मनोऱ्यात ४५० मीटर उंचीचा फरक स्ट्रॉन्शियम घड्याळांनी मोजून दाखविला. २०२२ मध्ये एकाच प्रयोगपात्रातील मिलिमीटरभर अंतरापर्यंत मजल गेली. आजवर उंचीवरून काळाची दुरुस्ती काढीत असत. यापुढे काळावरून उंची काढता येईल. डोंगरदऱ्यांतून पातळीयंत्र नेत केलेली मोजणी जेथे चुकांची बेरीज करीत जाते, तेथे दोन घड्याळांतील तफावत दोन ठिकाणांच्या विभवाचा फरक थेट सांगेल, आणि समुद्राची पातळी म्हणजे नेमके काय या भूमापनाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर कालमापक देऊ लागतील. पण घड्याळे इतकी सूक्ष्म झाली की भरती-ओहोटीने जमीन उचलली जाणे, भूगर्भजलाची हालचाल, खुद्द परिवलनाच्या वेगातील चढउतार, हे सारे त्यांच्या चालीत उमटू लागते, आणि स्थिर जिऑइड ही कल्पनाच अपुरी पडते. दुसरीकडे चंद्रासाठी स्वतंत्र काळ ठरविण्याचे काम आंतरराष्ट्रीय पातळीवर सुरू झाले आहे. तेथील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ५६ दशलक्षांश सेकंद पुढे जाते. एका फिरत्या गोलावर जो करार आपण अर्ध्या शतकात कसाबसा स्थिर केला, तो आता दुसऱ्या गोलास लागू करावयाचा आहे.

प्रस्तुत ग्रंथाने या पार्श्वभूमीवर जे कार्य अंगावर घेतले आहे, ते मर्यादित पण अवघड आहे. सापेक्षतेवरील लोकप्रिय पुस्तकांत आगगाड्या, जुळी भावंडे आणि अंतराळयाने यांची रेलचेल असते; ज्या गोलावर वाचक बसलेला आहे, त्याचा उल्लेख क्वचितच येतो, आणि आला तर १९०५ चे ते अनुमान जसेच्या तसे उद्धृत होते. ग्रंथकाराने येथे उलट दिशा धरली आहे. त्याने पृथ्वीच प्रयोगशाळा मानून प्रत्येक परिणामाचा आकडा तिच्याच मापांतून काढला आहे, आणि गणित माध्यमिक शाळेच्या बीजगणिताहून फारसे पुढे जाऊ दिलेले नाही. कृष्णविवरे व विश्वोत्पत्ती यांस त्याने जाणूनबुजून फाटा दिला आहे. एरेनफेस्टच्या चकतीविषयी आजही पंडितांत शब्दशः एकमत नाही. तेथे त्याने एकाच पक्षाची बाजू न उचलता प्रत्येक पक्ष नेमके काय मोजतो हे सांगून निवाडा वाचकावर सोपविला आहे, हे मला विशेष प्रशंसनीय वाटते. ज्यांस समीकरणांचा कंटाळा आहे त्यांनी ती वगळून आकडे तेवढे वाचावेत. मात्र एखादा तरी आकडा स्वतः काढून पाहावा, कारण ४६५ मीटरवरून १०० अब्जांश सेकंदांपर्यंतची वाट एकदा आपल्या हाताने चालल्याखेरीज या विषयावर खरा विश्वास बसत नाही.

ग्रंथ वाचून संपल्यावर वाचकाच्या हाती एक स्पष्ट भेद उरावा, अशी माझी अपेक्षा आहे. समुद्रसपाटीवर पृथ्वीभर काळ एकाच दराने चालतो, ही निसर्गाने पृथ्वीच्या आकारातच नोंदवून ठेवलेली वस्तुस्थिती आहे. पृथ्वीभर एकच ‘आत्ता’ आहे, ही मात्र तशी वस्तुस्थिती नव्हे. तो राष्ट्रांनी मिळून न फिरणाऱ्या चौकटीच्या साक्षीने केलेला करारनामा आहे, आणि त्याची कलमे प्रत्येक दूरध्वनीत, प्रत्येक नकाशात व प्रत्येक बँकेच्या व्यवहारात मुकाट्याने पाळली जातात. दर निसर्गाचा, क्षण कराराचा, एवढा विवेक ज्याच्या ठायी जागा झाला, त्याने सापेक्षतेचा गाभा जाणला असे म्हणण्यास हरकत नाही. उरलेला तपशील ग्रंथकार समर्थपणे सांगेलच.